आईच्या नाकातलं पाणी

दादा,

आईला घेऊन हॉस्पिटलमध्ये जातेय. घाबरू नकोस, ती चालतेय, बोलतेय आणि माझ्या केसांना नावंही ठेवतेय. पण सकाळपासून तिच्या उजव्या नाकपुडीतून स्वच्छ पाणी ठिबकतंय आणि ते घशात खारट लागतंय. सर्दी नाही ही. नाकातून दुर्बीण घालून गाठ काढल्यावर मेंदूखाली जे ठिगळ लावलं होतं, ते सुटून मेंदूभोवतीचं पाणी गळत असावं. डॉक्टरांनी थोडं पाणी तपासायला मागवलंय, म्हणून औषधाची रिकामी बाटली धुऊन तिच्यात धरलंय. आई म्हणते, "नाकातून आत शिरले आणि जाताना नळ बंद करायला विसरले मेले!"

तिची फाईल तुझ्या कुलूपबंद कपाटात आहे आणि किल्ली तुझ्याकडेच. ती घेऊन थेट तिकडे ये.

एक गोष्ट तोंडावर सांगायची हिंमत नाही. काल ती सारखी नाक ओढत होती आणि मी नोकरीचा अर्ज लिहीत होते. मी वैतागून म्हटलं, "आई, एकदाचं शिंकरून टाक ना!" ऑपरेशननंतर महिनाभर नाक शिंकरायचं नाही, वाकून वजन उचलायचं नाही, हे फ्रिजवर मीच लिहून चिकटवलंय. तरी तिने माझं ऐकलं.

आता ती म्हणतेय, "बादली उचलायला वाकले म्हणून सांगू. तुझं नाव कशाला मध्ये?"

टॅक्सी आलीय. मी डॉक्टरांना खरं तेच सांगणार आहे. तुला मात्र ती बादलीचीच गोष्ट सांगेल. तेव्हा तिच्यावर ओरडू नकोस, माझ्यावर ओरड.

बारकी