बेचाळिसाव्या ओळीवरचा लाल ठिपका

हे लिहायला फार उशीर केला, त्याची आधी माफी मागतो.

मी राजाराम भिकाजी तांबे, वय ७४, शिक्षण पाचवी, राहणार दिंडोशी, गोरेगाव पूर्व. डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरतो. अक्षर वाकडं आलं म्हणून कागद रद्द धरू नये. कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही.

१. राहती खोली मुलगा किरण आणि मुलगी नीलम यांना निम्मी निम्मी. किरण आला नाही तरी त्याचा हिस्सा विकू नये.

२. बँकेतली ठेव नीलमला. माझं दुखणं तिनेच काढलं.

३. पक्कड शेजारच्या भीमराजला द्यायची होती. साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. तशीही ती चार वर्षं त्याच्याकडेच आहे.

४. निळी वही किरणला. कारण लिहितो.

किरणची कंपनी प्रोग्राममधली चूक शोधायचं सॉफ्टवेअर बनवत होती. डीबगर म्हणतात त्याला. हव्या त्या ओळीवर लाल ठिपका ठेवला की चालता प्रोग्राम तिथे थांबतो. दुसरी कळ दाबली की उलटा मागे येतो, आणि मागे येतानाही ठिपक्यावर थांबायलाच हवा. हे शंभरदा तपासायचं होतं. किरण घरूनच काम करायचा. म्हणाला, "बाबा, तुम्ही कळ दाबा, थांबला का ते या निळ्या वहीत लिहा. डोकं लावू नका."

मागे येताना सात वेळा प्रोग्राम बेचाळिसाव्या ओळीवरचा ठिपका ओलांडून गेला. मला वाटलं, माझंच बोट चुकलं. पाचवी शिकलेल्याने यंत्राची चूक कशी काढावी? सातही ठिकाणी 'थांबला' लिहिलं. मन खात होतं, म्हणून पुढे पेन्सिलीने बारीक फुली मारली.

वहीवरून किरणने अहवाल दिला. महिन्याने गिऱ्हाइकाकडे तीच चूक निघाली. साहेबांपुढे त्याने माझं नाव घेतलं नाही. नोकरी गेली. घरी येऊन विचारलं, "बाबा, खरंच थांबला होता ना?"

"हो रे, थांबला होता."

"मग ठिपके मीच चुकीचे लावले. मला हे कामच येत नाही."

दोन वर्षं तो भिवंडीच्या गोदामात माल मोजतो. घरी येत नाही. नीलम म्हणते, "मेल्यावर सांगून काय उपयोग, बाबा? आत्ता सांगा ना!" फोन लावला, नंबर बंद. म्हणून वही आणि या कागदाची नक्कल आजच गोदामाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. किरणने ठिपके बरोबर लावले होते. खोटं मी बोललो.

५. माझ्या अंत्यविधीला किरणसाठी थांबू नये. येईल असं वाटत नाही.

सही: राजाराम भिकाजी तांबे
साक्षीदार: १. भीमराज गायकवाड (सही) २. नलिनी मोरे (सही)
दिंडोशी, दि. ९ फेब्रुवारी २०२५

किरण, शिव्या दे, पण वही मिळाली एवढं लवकर कळव.