विलायती गाडी आणि बेडश्याची जोडी

औंढे, मंगळवार

तीर्थरूप मामांच्या चरणी धाकटा जावई अमृत याचं डोकं. (टोपी काढून.)

डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं आपल्या चिरंजीवानं, कैलासनं कळवलं. औषधाचे थेंब वेळेवर घालत जा आणि महिनाभर वाकू नका. अगदी कुणाला मारायला काठी उचलायची झाली तरी नको. मामींचे गुडघे कसे आहेत? शर्यतीची बैलजोडी उत्तम आहे, हे मीच आपल्याला सांगू शकतो. कसं, ते पुढे येईल.

आपली कन्या निर्मला बारा दिवस आपल्याकडे आहे. 'ती गाडी' एवढंच कारण तिनं सांगितलं असेल, म्हणून सविस्तर लिहितो. लोणावळ्याच्या ज्या बंगल्याची बाग मी वीस वर्षं राखली, तो विकून जाताना बाईंनी मला विचारलं, अमृत, आठवण म्हणून काय नेतोस? शहाण्यानं फ्रीज मागितला असता. मी ताडपत्रीखालची दोन सीटची हिरवी विलायती गाडी मागितली. इतकी बुटकी, की आत बसल्यावर समोरच्या म्हशीचे फक्त पाय दिसतात. अशी गाडी बाळगणाऱ्यानं काय धरून चालावं, ते मला आता तोंडपाठ आहे. तेल गळणारच. (सारवलेल्या अंगणात काळे डाग पडले. दृष्ट लागायला नको, बरंच झालं, असं मी म्हणालो, तर निर्मलेनं शेणाची पाटी माझ्या हातात दिली.) डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो आणि मुद्दाम वाजवावा तर वायपर हलतो. मिस्त्री एकच, देहूरोडच्या डेपोतून रिटायर झालेले अंबाजी. ते स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकतात आणि सांगतात, "अमृतराव, हिचं कायबी बिघडल्यालं न्हाई. हिची मर्जी न्हाई." मग चहा मागवतात. तरी मामा, सकाळच्या गारव्यात ती एकदा चालली, की सगळं माफ करावंसं वाटतं.

तर आपण तळेगावला दवाखान्यात होता, त्या गुरुवारी आम्ही मामींना भेटायला निघालो आणि गाडी बेडश्याच्या चढावर बसली. कैलास धावून आला. नांगराचे बैल रानात होते, म्हणून त्यानं (आपल्याला न विचारता, पण मोठ्या मनानं) शर्यतीची जोडी आणली. मी नको म्हणालो होतो. (फार मोठ्यानं नाही.) बंपरला दोर बांधला आणि बिजल्या-पाखऱ्या शहाण्यासारखे चालू लागले. यात्रेत शर्यतीला माईकवर बोलणारा आपल्या गावचा गेणू वाटेत वडाखाली बसला होता. त्याला जोडी दिसली, आणि सवयीनं तो ओरडला, "भिर्रर्र!"

आपल्या बैलांना यापुढचं सांगावं लागत नाही. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात ती गाडी एवढी कधी पळाली नसेल. सगळा चढ हॉर्न वाजवत पार करून ती वरच्या भातखाचरात थांबली. बैलांना ओरखडासुद्धा नाही. गेणू म्हणाला, "लय भारी! यात्रेतबी असं पळालं न्हवतं." आपल्याला अभिमान वाटावा म्हणून कळवतो.

एवढ्यावरून निर्मला माहेरीच राहिली. मी गाडी विकायला काढली आहे, उद्या गिऱ्हाईक येतंय. तरी तिची समजूत घालून पाठवावं.

आपला आज्ञाधारक,
अमृत

ता. क. गिऱ्हाईक येऊन गेलं. मी गोठ्यात लपून बसलो होतो.

आणखी ता. क. वर गाडी पळाली असं लिहिलं, पण आत कोण होतं ते लिहायचं टाळलं. पहिल्या वळणावर मी उडी मारली. आपल्याकडे शर्यतीच्या घाटात बैलगाड्यावर माणूस बसत नाही, ही रीत मला नेमकी तेव्हा आठवली. शेजारी निर्मला आहे, हे खाली पडल्यावर आठवलं. स्टिअरिंग तिनं धरलं, बैलांना हाका मारून तिनंच थांबवलं. तिचा राग गाडीवर नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मामा, लाज वाटते हो. घर खायला उठलंय.

शेवटचा ता. क. हे सगळं तिला वाचून दाखवा. माझ्या बाजूचं दार मी तारेनं पक्कं बांधून टाकलं आहे. आता मला उतरायचं झालं, तर तिच्याच दारानं, तिच्यामागून.