पावणे येणार म्हणून भरलेली सभा

आत्याबाई, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली आणि आज तुमची सून तुम्हाला पत्र लिहिते आहे. लिहिते म्हणजे बोलते. लिहून घेते नात. मी मोठ्यानं बोलते तर ती म्हणते, "आजी, हळू, मी इथंच हाय." तिला काय माहीत, शेवटी शेवटी तुम्हाला किती कमी ऐकू यायचं, आणि जे ऐकू नये ते नेमकं कसं ऐकू यायचं.

जाताना तुम्ही मला एकच सांगून गेलात. तुमचा धाकटा कशानं गेला असं कुणी विचारलं, तर टीबी म्हणायचं. मी चार वर्षं टीबीच म्हणाले. मग गावात सिस्टर आली. सरकारी दवाखान्यातली, नवी, पंचविशीची. तिला गावातली तरणी पोरं-पोरी एकत्र बसवून एड्सबद्दल बोलतं करायचं होतं. भाषण नको, त्यांनीच बोलायचं, असं तिचं म्हणणं. तिनं समाजमंदिरात सतरंजी टाकली. पहिल्यांदा तीन म्हातारे आले, चहासाठी. दुसऱ्यांदा तेही आले नाहीत, कारण पहिल्यांदा चहा नव्हता. मग ती आपल्या ओट्यावर येऊन बसली. "काकू, आता पोरं आली नाहीत तर साहेब म्हणतील, या गावाला गरज नाही, दुसरीकडं जा." गरज नाही! आपली निम्मी पोरं टोमॅटो घेऊन नारायणगावला जायची, तिथून आळेफाट्याला ट्रकवर चढायची, ती थेट गुजरातेत उतरायची. तुमचा धाकटाही असाच चढला होता. मी म्हटलं, "पोरं मी आणते. कशी, ते तू इचारू नको."

दुसऱ्या दिवशी पाण्यावर मी फक्त दोघींच्या कानात सांगितलं. शुक्रवारी समाजमंदिरात पोरीवाले पावणे येणार हायेत, पोरं बघायला. कुणाला सांगू नका. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळेना असे ते दिवस. गुरुवारी ओतूरच्या न्हाव्याकडं आपल्याच गावाची रांग!

शुक्रवारी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नाही. पावडर थापलेली, केसांना पाणी लावलेलं, एकानं तर चुलत्याचा कोट घातलेला. बाह्यांतून नुसती बोटं दिसतात. हे नटलेले नवरदेव बघायला पोरीपण आल्या आणि मागं बसून फिदीफिदी हसतायत. गर्दी बघून सिस्टर एवढी हरखली, की तिनं पहिलाच तक्ता उघडला तो कंडोमचा.

कोटवाला उठला. "काकू, पावणं कुठायत?"

"येतील. तवर हे बघ."

"हुंडा नको म्हणून सांगायला आलतो मी. आन् हे काय?"

मागून एक पोरगी म्हणाली, "बघून घे की! उद्या मीच इचारणार हाय माझ्या नवऱ्याला, येतं का म्हणून."

सगळी सभा हसून लोळली. पण हसू ओसरलं तसा एकजण म्हणाला, "सिस्टर, हे शहरातलं दुखणं. आपल्यात कुणाला झालंय?" आणि पोरं चपला शोधायला लागली. सिस्टर माझ्याकडं बघते. ही पोरं आज उठली असती तर खरे पावणे आणले तरी पुन्हा बसली नसती. मी दारात आडवी उभी राहिले.

"बसा खाली. माझ्या दिराला झालं व्हतं. टीबी न्हाई. हेच."

कोटवाल्यानं पायातली चप्पल परत काढली. कुणीतरी हळूच विचारलं, "मग घरात कसं ठिवलं त्याला?"

मी म्हटलं, "आमच्या आत्याबाईंनी त्याचं ताट येगळं केलं. गोठ्यात बसवून वाढायच्या."

"काय म्हातारी तरी!" पोरी म्हणाल्या. मग सिस्टरनं सांगितलं, एका ताटात जेवून काही होत नाही. आणि तिथून जे प्रश्न सुरू झाले ते दिवेलागणीपर्यंत. कोटवाला सगळ्यांत मागं राहिला, रक्त कुठं तपासतात ते विचारायला. तोही गाडीवरच असायचा.

पुढं सिस्टर मला गावोगाव न्यायला लागली, पार आंबेगावच्या वाड्यांपर्यंत. मी तुमची गोष्ट सांगायची आणि दर गावाला तुम्ही थोड्या जास्त वाईट व्हायचात. शेवटी शेवटी तर तुम्ही त्याला पाणीसुद्धा लांबून ओतत होता. पोरं चिडायची, मग बोलायची. गोष्टीला एक खाष्ट सासू लागते, आणि तुम्ही काही उठून 'नाही' म्हणणार नव्हता.

आता नात पेन थांबवून विचारते, "पणजी खरंच अशी व्हती?"

लिही म्हटलं, नव्हती. ताट मी वेगळं केलं. दोन लेकरं लहान होती, मला भ्या वाटलं. तुम्ही गोठ्यात जाऊन त्याच्याजवळ बसायचात, त्याच्या ताटातली उरलेली भाकरी माझ्यादेखत खायचात, आणि मला कधी एक शब्द बोलला नाहीत.

नात म्हणते, पत्ता काय घालू? मी म्हटलं, राहू दे, घडी करून ठेव. एवढी गावं फिरले, आत्याबाई, पण हे मी एकाही गावात सांगितलं नाही.