वरचे पुढचे दोन

धरणगाव,
१९ ऑक्टोबर २०२४

नवल मास्तर,

रामराम. पारोळ्याला घरी सगळे बरे असतील. आमच्याकडे कापसाची वेचणी चालू आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण वरचे पुढचे दोन दात गेल्यापासून फोनवर माझा 'स' शिट्टीसारखा निघतो आणि तू हसतोस.

आणि ते दातांचे व्हिडिओ पाठवणं बंद कर. वैताग आलाय. ज्याला त्याला माझ्या तोंडात डोकवायचंय. मेहुणा म्हणतो, काढ-घाल करायची प्लेट बसव. पुनम म्हणते, बाबा, स्क्रूचेच बसवा. कोकिळा म्हणते, "या वयमा कोनले दखाडना शेतस दात?" अरे, दाखवायचे कोणाला आहेत? क्लॅरिनेट वरच्या पुढच्या दातांवर टेकतं, हे बायकोला इतक्या वर्षांच्या संसारात कळू नये?

जळगावच्या डॉक्टरीणबाईंना निदान ते कळलं. वाद्य घेऊन या म्हणाल्या. प्लेट फुंकताना हलेल. ब्रिज दिवाळीनंतर लगेच होईल, पण तो अडकवायला शेजारचे धडधाकट दात घासून बारीक करावे लागतील. इम्प्लांट सगळ्यात पक्कं, पण हाडात स्क्रू नीट धरेपर्यंत काही महिने फुंकायचं नाही. म्हणजे यंदाचा लग्नाचा हंगाम गेला. "काय ते ठरवा," म्हणाल्या. डोंबल ठरवू?

गणपतीच्या मिरवणुकीत दात गेले, ते घरी मी बँडच्या गाडीच्या धक्क्यावर ढकललंय. वळताना तुझं कोपर वाद्यावर बसलं, हे कोणाला बोललो नाही. बोलणारही नाही. पण परवाच्या साखरपुड्यात क्लॅरिनेटच्या जागी कीबोर्ड ठेवून, माझा लाल कोट घालून कोण बसला होता, ते तूही मला बोलला नाहीस. मला फोटोत दिसलं. फार लागलं रे.

आता सरळ लिही. तुळशीच्या लग्नानंतर बँडमध्ये मी हवा असेन, तर चांगले दात घासून ब्रिज करतो. पुढच्या हंगामापर्यंत माझी जागा राखणार असशील, तर इम्प्लांट करून गप्प बसतो. आणि कोट त्यालाच देऊन टाकला असशील, तर तसं लिही, भीड धरू नकोस. मी प्लेट बसवून घेईन. जेवायला तेवढी पुरते.

तुझ्या बँडचा, अजून तरी,
झुलाल