जिथे तुझं ॲप चालत नाही

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय देवव्रत,

रोज फोनवर बोलतो आणि आईने हे पत्र काय काढलं, म्हणून चक्रावला असशील. शेजारची निकिता टोरांटोला येते आहे, तिच्या हाती चिवड्याबरोबर पाठवतेय. आधी चिवडा खा, मग निवांत वाच.

तुर्कमेनिस्तानचं तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. अश्गाबात म्हणजे जिकडे तिकडे पांढरा संगमरवर, गाड्यासुद्धा पांढऱ्या. रस्ते असे की चप्पल घालून चालायचा संकोच वाटावा, पण माणूस दिसेल तर शपथ. दिसतात त्या तोंडाला फडकं गुंडाळून झाडणाऱ्या बायका. आमची गाइड जेरेन, गोड पोर, पण सावलीसारखी बरोबर. बाजारात मी खरबूज बघायला जरा बाजूला झाले तर धावत आली. राष्ट्राध्यक्षांच्या महालाकडे मोबाइल रोखला की शिपाई शिट्टी फुंकतो. खरबूज मात्र असं होतं की आपल्या द्राक्षांचा तोरा उतरला.

खोलीत माझ्याबरोबर देवळाली कॅम्पच्या इंदिराताई होत्या. यजमान तोफखान्यात होते, त्यामुळे बाईंना कुणाची भीड नाही. खोलीत बोललेलं ऐकतात, असं कुणीतरी बसमध्ये सांगितलं होतं. खरं-खोटं देव जाणे. आम्ही दोघी आपल्या भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात सुपाचं कौतुक करायचो आणि उशीत तोंड खुपसून हसायचो. सूप भयंकर होतं.

पहिल्या सकाळी मी रक्तदाबाची गोळी घेतली. हातातली गोळी आधी छताच्या कोपऱ्याकडे धरली, मग गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. इंदिराताई बघतच राहिल्या. कुणाला दाखवताय, म्हणाल्या. मी सांगितलं, मुलाला, घरी त्या कोपऱ्यात कॅमेरा असतो. त्या खूप हसल्या, मग हसू आवरून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी न्हाणीघरात पडले तेव्हा तू किती घाबरला होतास, ते मी विसरलेले नाही. कॅमेरे तू मायेपोटीच बसवलेस. पण 'आई, स्टुलावर चढू नकोस' असं छतातून ऐकू आलं की साळूबाईच्या हातातला झाडू पडतो. 'ताई, दादा आता बघत्यात का?' असं विचारल्याशिवाय ती चहाला टेकत नाही. माझंही तेच. पापड तळायचे तर तुझ्या झोपेची वेळ बघून तळते. तुझ्या बाबांच्या आठवणीने रडू आलं की मागच्या बाल्कनीत जाते, तिथे कॅमेरा नाही. हे पत्रही तिथेच बसून लिहिते आहे.

तू थायलंड सुचवलं होतंस. आईला हा देश कुठून सुचला, असं तू दहा वेळा विचारलंस. टूरवाला म्हणाला होता, तिथे इंटरनेट धड चालत नाही, घरच्यांशी रोज बोलणं व्हायचं नाही. ते ऐकून टूरमधल्या दोघांनी नावं काढून घेतली. मी त्याच दिवशी पासपोर्ट नेऊन दिला. तुझ्या जिवाला घोर लागला, त्याचं वाईट वाटतं रे. पण खरं सांगते, जेरेनच्या पहाऱ्यात मी मोकळी होते.

निकिताचा पत्र पोचवल्याचा निरोप आला की मी भिका वायरमनला बोलावणार आहे. आतले सगळे कॅमेरे तो काढेल. दारावरचा राहू दे, कोण येतं-जातं ते तू खुशाल बघ. तुझ्या मोबाइलवर घर एकदम काळं झालं तर आई पडली, असं तुझ्या मनात येईल, म्हणून हे पत्र. आई पडलेली नाही. रात्री फोन कर, गोळी घेतली का विचार. मी घेतली म्हणेन, आणि तेवढं तुला पुरलं पाहिजे.

तुझीच,
आई