रंगवलेल्या पुस्तकांचे दार

भोंऽऽऽ. मग शांतता. आता काही वाजत नाही, असे वाटू लागले की पुन्हा भोंऽऽऽ.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण आज सकाळपासून खिडकीबाहेर धुके आहे आणि भोंगा नाही. धुक्यात होड्यांना हाक देणारा दीपगृहावरचा तो भोंगा बंद पडून किती वर्षे झाली. माझ्या कानात मात्र अजून वाजतो, आणि तो वाजतो तोवर मी मीच आहे, असे मी धरून चालतो. तेव्हा त्यालाच साक्षी ठेवून लिहितो.

मी, अल्डन इझ्रा क्रोवेल, वय सत्त्याऐंशी, धंदा होड्या बांधणे (आता बंद), मूळचा हेरॉन खाडी, नोव्हा स्कोशिया येथला, सध्या मुक्काम हार्बर लेन वृद्धनिवास, खोली बारा, आज पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे माझ्या हाताने लिहीत आहे. दडपण नाही, हे कायद्यासाठी. भीती आहे. भीतीबद्दल कायदा काही विचारत नाही, म्हणून मीच सांगून ठेवतो. सोमवारी हॅलिफॅक्सहून एक बाई येणार आहेत. त्या मला कागदावर घड्याळ काढायला लावतील, पाच शब्द ऐकवतील, थोडा वेळ हवापाण्याच्या गोष्टी करतील आणि मग ते शब्द परत मागतील. माझी शुद्ध माझ्या नावावर राहते की नाही, ते त्यावर ठरणार. सोमवारनंतर माझ्या सहीला किंमत असेल याची खात्री नाही. म्हणून आजच.

यापूर्वीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. एकच होते. त्यात सगळे बायकोला, म्युरिएलला, दिले होते आणि ती माझ्याआधी गेली. तिने माझे कधीच ऐकले नाही.

एक. खाडीवरचे घर व त्यामागचा होडीखाना मुलगी ऱ्होडा, राहणार अल्बर्टा, हिला द्यावा. तिने तो विकला तरी माझी हरकत नाही. फक्त होडीखान्याच्या दाराची डावी फळी विकण्याआधी उखडून घ्यावी. तिची उंची मी दर वाढदिवसाला त्या फळीवर पेन्सिलीने मांडली आहे. ऱ्होडा दर रविवारी फोन करते. गेल्या रविवारी म्हणाली,

"बाबा, तिथं आतल्या बाजूला जास्त लक्ष देतात म्हणे. दार बंदच असतं, म्हणजे कुठं भटकायची काळजी नाही."

"मी कुठं भटकणार गं? हे गुडघे नेतील का?"

"तसं नाही हो. तुम्ही भिंतीतून पुस्तक काढत होतात असं त्यांनी कळवलंय."

"भिंतीतून नाही, दारातून," मी म्हणालो, आणि तिथेच फसलो.

दोन. ते दार माझ्या मालकीचे नाही, पण या कागदाचे कारण तेच आहे. आमच्या लांब पडवीच्या टोकाला एक दार आहे. त्याच्या पलीकडे विसरलेली माणसे राहतात. आतल्या माणसाला ते दार वाटू नये आणि त्याने ते उघडायला जाऊ नये म्हणून त्यावर पुस्तकांचे कपाट रंगवले आहे; आतून रंगवले तसेच बाहेरूनही. चित्रकाराने काम चोख केले आहे. तांबड्या पाठी, निळ्या पाठी, एक पुस्तक जरा तिरके. खालून दुसऱ्या फळीवर एक बारीक हिरवी पाठ आहे, वरचा कोपरा फाटलेला. आमच्या शाळेतले कवितांचे पुस्तक अगदी तसे होते. मी रोज तिथवर चालत जातो, वळतो, परत येतो. त्या दिवशी वळलो नाही. हात गेला.

मागून मारिसेल आली. ही आमची सेविका, मनिलाची, गुणी पोर. सगळ्यांना आजोबा-आजी करते.

"आजोबा, ते चित्र आहे."

"माहीत आहे मला."

"मग हात कशाला लावलात?"

मी हात मागे घेतला. तिला वरिष्ठांना सांगावेच लागते. तिचा दोष नाही. पण एवढे नमूद करतो की या इमारतीत इतकी माणसे त्या कपाटावरून जातात आणि एकालाही पुस्तक काढावेसे वाटत नाही. शहाणपणाची खूण ती कशी झाली?

तीन. माझ्या देहाबद्दल. इथे कोणी गेले की पूर्वी मागच्या, स्वयंपाकघराकडच्या दाराने नेत. चोरून नेल्यासारखे. सकाळी खुर्ची रिकामी, आणि विचारले तर "आधी लापशी खाऊन घ्या." पुढे योलांद सुरेतने भांडण काढले. ही बाई शाळेची बस चालवून निवृत्त झाली. पैसे न घेता इथे येते आणि अजूनही आम्हा सगळ्यांना बसमध्ये बसवल्यासारखी ओरडते. तिने रहिवाशांकडूनच तुकड्या-तुकड्यांची गोधडी शिवून घेतली. आता कोणी गेले की अंगावर ती गोधडी घालून पुढच्या दाराने नेतात. पडवीत दोन्ही बाजूंना सगळे उभे राहतात. ज्यांना उभे राहता येत नाही ते चाकाच्या खुर्चीत पाठ ताठ करतात. गोधडीतला होडीचा तुकडा मी शिवला आहे. वाईट आहे.

ही गोधडी माझ्याही अंगावर पडेल, याचे भय नाही. भय दुसरे आहे. जो त्या रंगवलेल्या दारामागे जातो, त्याच्यासाठी कोणी उभे राहत नाही. दुपारी जेवायला असतो, रात्रीच्या जेवणाला त्याची खुर्ची दुसऱ्या मेजाला लावलेली असते. तो मेलेला नसतो, म्हणून गोधडी नाही. तो इथे नसतो, म्हणून नाव नाही. दार उघडते, पुस्तके सरकतात, पुन्हा पुस्तके होतात. म्हणून माझी अशी इच्छा आहे, आणि ती पाळणे कायद्याने बंधनकारक नसले तरी मी हात जोडून मागतो: मला तिकडे न्यायचे ठरले, तर पडवीत तेव्हाच उभे राहावे. गोधडी नको, चालत जाईन. मी मेल्यावर नाही राहिलात उभे तरी चालेल. तेव्हा मला दिसणार नाही. त्या दिवशी दिसेल.

चार. हत्यारे. तीन रंधे, पटाश्यांचा संच, गिरमिटे आणि तासण्या या निवासाला द्याव्यात. व्यवस्थापकीण बाई म्हणतील, धारदार वस्तू आत नको. म्हणून पाती ऱ्होडाने काढून न्यावीत आणि मुठी इथे ठेवाव्यात. मुठी आतल्या लोकांच्या हातात द्याव्यात. त्यांना तिकडे रंगीत फुगे झेलायला देतात. ज्याने आयुष्यभर रंधा मारला, त्याला फुगा कशाला? हाताला मूठ द्या. डोके विसरले तरी तळव्यातला घट्टा विसरत नाही, असा माझा अंदाज आहे. अंदाज अशासाठी म्हणतो की आत जाऊन बघायचे धाडस मला झालेले नाही.

पाच. बँकेतील शिल्लक, दफनाचा खर्च वजा जाता, अर्धी ऱ्होडाला आणि अर्धी गुरुवारच्या मंडळाला. हे मंडळ योलांदनेच सुरू केले. दर गुरुवारी चहा, काकवीची बिस्किटे, आणि प्रत्येकाने शाळेत पाठ केलेले काहीतरी म्हणायचे. पाढे म्हटले तरी चालतात. ज्याला आपल्या नातवाचे नाव आठवत नाही, त्याला तिसरीतली कविता धडाधड येते, हे मी तिथे पाहिले आहे. या रकमेला एक अट आहे: मंडळ त्या दारापाशी थांबता कामा नये. आत जावे, नाहीतर आतल्यांना बाहेर आणावे. योलांद हेच वर्षभर वरच्यांकडे मागते आहे. "बघू," असे उत्तर येते.

योलांदला स्वतःला मी एक छदामही देत नाही. ज्याला मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि मला साक्षीदार हवा आहे. हे तिला सांगितले तेव्हा म्हणाली, "एवढी वर्षं तुझं तेच तेच ऐकलं म्हाताऱ्या, आणि शेवटी ठेंगा?"

सहा. हॉलिस निकरसन, माझा शाळासोबती व शेजारी, यास मी काहीही देत नाही. मूठसुद्धा नाही. कारण त्याने माझ्या वडिलांची वाकस, लाकूड तासायची, दोन दिवसांसाठी म्हणून नेली, तेव्हा आम्हा दोघांची लग्नेसुद्धा झाली नव्हती. त्याचे म्हणणे, परत केली. माझे म्हणणे, नाही. या निवासात नशिबाने आम्हाला एकाच मेजावर बसवले. रोज सकाळी तो लापशीवरून विचारायचा,

"काय अल्डन, मिळाली का वाकस?"

"तुझ्याकडे आहे."

"माझ्याकडे असती तर तुझं तोंड नसतं का तासलं?"

गेल्या वसंतात एका सकाळी त्याने हाच प्रश्न तीनदा विचारला. मला वाटले, डिवचतो आहे. मी तिन्ही वेळा तेच उत्तर दिले. पुढच्या आठवड्यात त्याची खुर्ची दुसऱ्या मेजाला होती. तेव्हापासून वाकशीबद्दल मला कोणी काही विचारलेले नाही. तरी हे कलम मी तसेच ठेवतो आहे. तेवढेच आमच्यात चालू असलेले खाते आहे.

सात. एक कविता. ही सर्वांना समान देतो, म्हणजे वाटणीचा वाद नको. ती कुठे छापलेली नाही. आमच्या एका खोलीच्या शाळेतल्या लव्हीना स्विम बाईंनी स्वतः रचली, कारण शाळेत पुस्तके कमी आणि धुके फार. धुक्याच्या दिवशी भोंगा मधेच वाजून आमचे म्हणणे तोडायचा. बाई म्हणाल्या, त्याच्याशी भांडू नका, त्याला कवितेत घ्या. मग आम्ही एक ओळ म्हणून थांबायचो, भोंगा वाजायचा, मग पुढची. स्वच्छ उन्हाच्या दिवशी भोंगा नसे. त्या दिवसांसाठी बाईंनी वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलाला भोंगा केले, म्हणजे तो गप्प तरी बसेल. तो हॉलिस. भिंती हादरायच्या.

गुरुवारच्या मंडळात मी ही कविता कधी म्हटली नाही. भोंग्याशिवाय ती लंगडी वाटते. हॉलिस बाहेर होता तेव्हा मी एकदा विचारले होते. तो म्हणाला, "आधी सगळ्यांसमोर म्हण, हॉलिसने वाकस परत केली. मग वाजवतो." मी म्हटले, "मग राहू दे." राहिली. ती कविता अशी:

धुके दाटले, वाट बुडाली, दिसे न अपुला तीर,
दूर कुणी तो शिंग फुंकितो, म्हणतो, "धर रे धीर";

त्या हाकेच्या दोरीवरुनी होडी घरास यावी.

मधे एक ओळ मोकळी दिसते, ती चूक नव्हे. तिसरी ओळ मला आठवत नाही. हिरव्या पाठीला हात लावला, त्या दिवसापासून आठवत नाही. मारिसेलला सांगितले नाही, ऱ्होडाला नाही, योलांदलाही नाही. घड्याळे मी चोरून काढून पाहतो, ती जमतात. काटे जागच्या जागी. पण ती ओळ नाही. जीभ तिथवर जाते आणि पुढे पाणीच पाणी. शब्द पाच असोत की पन्नास, बाईंनी सोमवारी विचारले तर मी कदाचित सांगेन. पण त्या ओळीबद्दल त्या विचारणार नाहीत, आणि खरी परीक्षा तीच आहे हे मला एकट्याला माहीत आहे. त्या शाळेतली बाकी सगळी मुले गेली. ती ओळ ठाऊक असलेली दोनच माणसे उरली: एक मी, आणि एक पुस्तकांमागे.

ज्याला ही ओळ सापडेल त्याने वरच्या मोकळ्या जागेत भरावी.

आठ. या मृत्युपत्राची व्यवस्था ऱ्होडाने पाहावी. तिने रडू नये. रडलीच तर होडीखान्यात रडावे, तिथे पाण्याचे कोणाला काही वाटत नाही.

येणेप्रमाणे सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो माझाच आहे.

स्थळ: हार्बर लेन, नोव्हा स्कोशिया. गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५.

लिहून देणार: अल्डन इझ्रा क्रोवेल (सही साक्षीदारांसमोर करायची आहे)

साक्षीदार पहिली: योलांद सुरेत, निवृत्त बसचालक

साक्षीदार दुसरा: बर्टन अमीरो, प्राणवायूच्या नळकांड्या पोचवणारा. माझी त्याची ओळख नाही, म्हणून योग्य.

योलांद त्याला बोलावायला गेली आहे. सह्यांच्या जागा कोऱ्या आहेत, शाई तयार आहे. इथल्या नोकरांना सही करायची परवानगी नाही. योलांद बराच वेळ आली नाही. दारावर टकटक होते आहे. योलांद टकटक करत नाही, ती घुसते. सोमवारच्या बाई आजच तर आल्या नाहीत? घाईने लिहितो आहे, अक्षर बिघडले तर ते त्यामुळे. शुद्धीशी त्याचा संबंध लावू नये. "या," म्हणालो.

दार उघडले आहे. हॉलिस आहे. लोकरीचा कोट, गुंडी चुकलेली, एक हात मारिसेलच्या हातात. मागून योलांदचा आवाज: "परवानगी आली रे! एका वेळी एक, हात धरून. नळकांड्यावाला येतोय, पण मंडळात पहिला कुणाला आणू, तर म्हटलं हा."

तो माझ्याकडे पाहतो आहे. ओळख नाही, डोळ्यांत कुठेच नाही. "हा कोण गं?" असे त्याने मारिसेलला विचारले. मग माझ्या खांद्यावरून त्याची नजर खिडकीकडे गेली, धुक्याकडे, आणि तिथेच ठरली. छाती फुगली.

"भोंऽऽऽ."

खिडकीची काच हादरली. मी पहिली ओळ म्हटली. त्याने भोंगा दिला. मी दुसरी म्हटली. त्याने भोंगा दिला. मग मी थांबलो, कारण पुढे माझ्याकडे काही नव्हते. हॉलिसने थोडी वाट पाहिली, बाईंचा लाडका मुलगा धडा विसरला की शाळेत पाहायचा तशी, चिडून, आणि दारातूनच म्हणाला,

"नाव न माझे माहित त्याला, तरी मला बोलावी."