हिराबाईंची डावी तर्जनी

४ नोव्हें.
सीवूड्सची ओपीडी संपता संपता दिवाळे गावच्या हिराबाई आल्या. कोळीण. सकाळी धक्क्यावर पाय घसरला, डाव्या हातावर पडल्या. तर्जनी मुळापाशी ताठ, जराशी उलटी. दिराने ओढून पाहिली. मग शेजाऱ्याने. ओढायला काय, अख्खा गाव तयार! तळहातावर खळी पडलेली. ती दिसली आणि मी ओढायचा विचारच सोडला. एक्स-रेत सांध्यात फट. सांध्याखालची जाड पट्टी आत अडकलीय, ओढाल तेवढी घट्ट बसणार. उद्या ऑपरेशन.
कापताना मासा याच बोटाने दाबून धरतात. सही करण्याआधी एवढंच विचारलं, "डाक्टरीन बाय, म्हावरं धरता येल ना मना?"
हो म्हणून बसले.

५ नोव्हें.
पट्टी मधोमध चिरून बाजूला केली, बोट अलगद जागेवर. ना ओढाताण, ना जोर. अशा वेळी मला अजूनही हसू फुटतं, मास्क असतो म्हणून बरं. घरी सलीम म्हणाला, बायको आज खुशीत दिसतेय. आहेच.

१९ नोव्हें.
टाके काढले. जखम छान. पण बोट वाकवतच नाहीत, परत निखळेल म्हणून. दाबायला दिलेला बॉल नातीला खेळायला देऊन टाकलाय. डोकंच फिरलं माझं. मग सुचलं. म्हटलं, कोळंबी सोला, रोज, याच हाताने.
"यो काय औषीद झाला?" म्हणाल्या. पण हसल्या.

३ डिसें.
कोळंबी लागू पडली! मूठ मिटते, तर्जनी तेवढी तळहाताला टेकत नाही. अजून किती वाकेल, काय माहीत. बाजारात बसू का विचारत होत्या. थोडं थांबा म्हटलं. ऐकायच्या नाहीत. तो पहिल्या दिवशीचा 'हो' आता टोचतोय.

२८ डिसें.
सलीमला घेऊन दिवाळ्याच्या मासळी बाजारात. बसल्याच होत्या! हिराबाईंनी सुरमई कापायला घेतली. डाव्या हाताने धरली, सटकली. परत धरली. माझा जीव टांगणीला, सलीम आपला भाव विचारतोय. तर्जनी थोडी वरच राहते, पण या वेळी दाबली. कापली पूर्ण. तीन तुकडे वेडेवाकडे झाले, ते बाजूला सारले त्यांनी.
"ये माज्या घरी ऱ्हातील. पुढच्या टायमाला बगा."
भांडून घेतले ते तीन. घरी येऊन आधी तेच तळले.